|२अ − ३ब| चं परिमाण: डॉट प्रॉडक्टने एकाच गणिताची इतकी उत्तरं कशी?

लोकमान्यनगर_बारावी

नमस्कार. इंदूर, एमपी बोर्ड, १२वी गणित. पुस्तक हिंदीत, क्लासमध्ये इंग्रजी आणि घरी मराठी, त्यामुळे शब्दांची खिचडी झाली तर सांभाळून घ्या. इथे अक्षरांवर बाण काढता येत नाहीत, म्हणून नुसतं अ, ब लिहिलं की सदिश (व्हेक्टर) समजा आणि |अ| म्हणजे त्याचं परिमाण, म्हणजे लांबी.

गणित १: |अ| = ४, |ब| = ३, दोघांमधला कोन १२०°. |२अ − ३ब| काढा. आमच्या ग्रुपमध्ये तीन उत्तरं फिरताहेत: −१, √७३ आणि √१३१. पुस्तकामागे दिलंय √२१७.

गणित २: त्रिकोण पकर. पक = ८, कर = ५, कोन क = ६०°. पक आणि कर हे सदिश धरून |पक + कर| काढा. सूत्रात ६०° घातले की √१२९ येतं, पण भूमितीने तिसरी बाजू ७ येते.

गणित ३: |प| = २, |क| = ३, |र| = ६, कुठल्याही दोघांत कोन ६०°. |प + क − र| काढा. याची कागदावर आकृतीच निघत नाही. प आणि क मध्ये ६०°, क आणि र मध्ये ६०° काढले की प आणि र मध्ये १२०° होतात, नाहीतर ०°. मग प्रश्नच चुकीचा आहे का?

भिया लोक, जरा बघा. नुसतं उत्तर नको, कुठे घसरतं ते हवं आहे.

---

रामबाग_गणित

गणित १ मधल्या तिन्ही चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, म्हणून आधी रीत.

दोन सदिशांचा डॉट म्हणजे दोघांच्या परिमाणांचा गुणाकार × कॉस (मधला कोन). कुठल्याही सदिशाचा स्वतःशीच डॉट घेतला तर परिमाणाचा वर्ग मिळतो, कारण स्वतःशी कोन ०° आणि कॉस ०° = १. म्हणजे स·स = |स|². इथे स म्हणजे अख्खं (२अ − ३ब). तो एकच सदिश आहे. त्याला कंसात ठेव आणि कंसाचा कंसाशी डॉट घे:

(२अ − ३ब)·(२अ − ३ब) = ४(अ·अ) − ६(अ·ब) − ६(ब·अ) + ९(ब·ब)

डॉटमध्ये क्रम बदलला तरी किंमत तीच राहते, म्हणून मधली दोन पदं मिळून −१२(अ·ब). (क्रॉस प्रॉडक्टमध्ये क्रम बदलला की चिन्ह उलटतं. तिथली सवय इथे आणू नकोस.)

आता फक्त तीन आकडे लागतात:

अ·अ = ४² = १६
ब·ब = ३² = ९
अ·ब = ४ × ३ × कॉस १२०° = १२ × (−१/२) = −६

|२अ − ३ब|² = ४×१६ + ९×९ − १२×(−६) = ६४ + ८१ + ७२ = २१७

वर्गमूळ घेतलं की √२१७, म्हणजे साधारण १४.७३. २१७ = ७ × ३१, त्यामुळे मूळ आणखी सोपं होत नाही. तसंच ठेव.

−१ हे उत्तर २×४ − ३×३ असं आलंय. परिमाणांची वजाबाकी म्हणजे सदिशांच्या वजाबाकीचं परिमाण नव्हे. आणि परिमाण ऋण निघालं की तिथेच थांबायचं, पुढे काही तपासायची गरज नाही. √७३ मध्ये ६४ + ८१ − ७२ केलंय, म्हणजे −१२ आणि −६ यांतलं एक वजा गळालं. बहुतेक कॉस १२०° च्या जागी +१/२ घातलं गेलं. √१३१ मध्ये ७२ बरोबर आहे, पण सहगुणकांचा वर्ग राहिला: २×१६ + ३×९ + ७२ = १३१.

आता गणित न सोडवता चुकीची उत्तरं कशी गाळायची ते बघ. पेपरात याचा सूत्रापेक्षा जास्त उपयोग होतो. २अ ची लांबी ८, ३ब ची ९. दोन सदिशांची बेरीज असो वा वजाबाकी, उत्तर लांबींच्या फरकापेक्षा कमी आणि बेरजेपेक्षा जास्त असत नाही, म्हणजे इथे १ ते १७ च्या आत. आता कोन: दोघं एकमेकांना लंब असते तर √(६४ + ८१) = √१४५, सुमारे १२.०४. कोन विशाल असेल तर बेरीज त्याहून आखूड आणि वजाबाकी त्याहून लांब. इथे कोन १२०° आणि वजाबाकी, म्हणजे उत्तर १२.०४ आणि १७ च्या मध्ये. √७३ (८.५४) आणि √१३१ (११.४५) दोन्ही बाहेर. उरलं √२१७.

---

स्नेहलतागंज_ट्यूशन

गणित २ मध्ये सूत्र बरोबर आहे, कोन चुकीचा.

दोन सदिशांमधला कोन मोजायचा तर दोघांची शेपटं एका बिंदूवर असायला हवीत. पक हा प पासून निघून क ला संपतो. कर हा क पासून निघतो. एकाचं टोक आणि दुसऱ्याचं शेपूट क वर आहे. त्रिकोणाचा कोन क हा कप आणि कर या दिशांमधला आहे, पक आणि कर यांच्यातला नाही. पक ही रेघ क च्या पुढे वाढव. तिथून कर पर्यंतचा कोन १८०° − ६०° = १२०°. तो घाल:

|पक + कर|² = ६४ + २५ + २×८×५×(−१/२) = ८९ − ४० = ४९, म्हणून ७.

भूमितीतल्या कोसाइनच्या नियमात वजा का आणि सदिशांच्या बेरजेच्या सूत्रात अधिक का, हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. एकात त्रिकोणाच्या आतला कोन आहे, दुसऱ्यात बाहेरचा. कॉस (१८०° − कोन) = −कॉस कोन, एवढाच फरक. (फ्रान्समध्ये या नियमाला अल-काशीचं प्रमेय म्हणतात. नियम मात्र तोच.)

हाच सापळा दुसऱ्या वेषात येतो: अ + ब + क = ०, |अ| = ३, |ब| = ५, |क| = ७, तर अ आणि ब मधला कोन किती? बाजू ३, ५, ७ चा त्रिकोण काढून १२०° लिहिणारे पुष्कळ. डॉटने कर. अ + ब = −क, दोन्ही बाजूंचा स्वतःशी डॉट: ९ + २५ + २(अ·ब) = ४९, अ·ब = ७.५, कॉस = ७.५/१५ = १/२, कोन ६०°. त्रिकोणातला १२०° बरोबरच आहे, पण तो विचारलेला कोन नाही.

गणित ३. प्रश्न चुकीचा नाही. तुझा कागद सपाट आहे, सदिश नाहीत. घनाच्या एका कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन पृष्ठांचे कर्ण घे: (१,१,०), (०,१,१), (१,०,१). प्रत्येकाची लांबी √२, कुठल्याही दोघांचा डॉट १, म्हणून कॉस = १/२. तिन्ही जोड्यांत ६०° तयार झाले, पण हे तीन एका प्रतलात नाहीत.

तीन किंवा जास्त सदिश असले की ओळीत विस्तार करत बसू नकोस, एखादी जोडी हमखास सुटते. वहीत चौकट आखायची. वर आणि डावीकडे प, क, र, आणि प्रत्येक घरात त्या दोघांचा डॉट:

प ची ओळ: ४, ३, ६
क ची ओळ: ३, ९, ९
र ची ओळ: ६, ९, ३६

(प·क = २×३×१/२ = ३, प·र = ६, क·र = ९.) कर्णावर परिमाणांचे वर्ग आले. कर्णाच्या वरचा आणि खालचा भाग सारखा नसेल तर कुठेतरी नकलताना चूक झाली आहे. आता सहगुणक १, १, −१ हे ओळींवर आणि स्तंभांवर लिही. प्रत्येक घराला आपल्या ओळीच्या आणि आपल्या स्तंभाच्या सहगुणकाने गुण आणि नऊही घरं बेरीज कर:

४ + ९ + ३६ + २(३) − २(६) − २(९) = ४९ + ६ − १२ − १८ = २५

|प + क − र| = ५.

उत्तर इतकं सुबक आलं की मनात पाल चुकचुकते, म्हणून घटकांनी तपास. घनाच्या कर्णांची लांबी √२, ती २, ३, ६ करायची तर २/√२, ३/√२, ६/√२ ने गुणायचं. बेरीज-वजाबाकी केली की (१/√२)(−४, ५, −३). वर्गांची बेरीज (१६ + २५ + ९)/२ = २५. जुळलं.

---

एरोड्रोमरोड

कोनाच्या सापळ्याचं एक चालतं उदाहरण. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची धावपट्टी ०७/२५. २५ म्हणजे त्या बाजूने उडताना नाक सुमारे २५०° कडे. समजा विमानाचा हवेतला वेग १४० नॉट आणि वारा २८०° कडून २० नॉट. नाक २५० वरच धरलं तर जमिनीच्या हिशेबाने वेग किती?

२८० − २५० = ३०, म्हणून कॉस ३०° घातला तर वर्ग येतो १९६०० + ४०० + ४८५० = २४८५०, आणि वेग १५७.६ नॉट. पण वाऱ्याची दिशा नेहमी "कुठून" अशी सांगतात. २८०° कडून येणारा वारा १००° कडे जातो, आणि सदिश जाण्याच्या दिशेचा असतो. २५० आणि १०० मधला कोन १५०°:

१४०² + २०² + २×१४०×२०×कॉस १५०° = २०००० − ४८५० = १५१५०, वेग १२३.१ नॉट.

समोरून येणाऱ्या वाऱ्याने वेग वाढला असं उत्तर आलं की समजायचं, सदिश उलटा धरला आहे. प्रत्यक्षात वैमानिक नाक थोडं वाऱ्याकडे वळवतो म्हणजे मार्ग धावपट्टीच्या रेषेत राहतो, तो हिशेब वेगळा.

---

लोकमान्यनगर_बारावी

आभार सगळ्यांचे. चौकटीची रीत एकदम पटली. आणखी तीन शंका:

(क) |अ| = ५, |ब| = ७, |अ + ब| = ८ दिलंय, |अ − ब| विचारलंय. कोन दिलेलाच नाही.

(ख) तीन सदिशांमधले कोन वाटेल ते देता येतात का? घनाचं उदाहरण तयार मिळालं, पण प्रत्येक वेळी असं सापडेलच असं नाही ना?

(ग) गणित १ चेच अ आणि ब, त कुठलीही संख्या. |अ + तब| कमीत कमी किती होऊ शकतं?

---

पोलोग्राउंड_वर्कशॉप

शंकांची उत्तरं गणितवाले देतीलच. गणेशोत्सवाच्या मंडपाच्या कामातलं एक सांगतो, कारण इथे कोन कुठला घ्यायचा यावर दोर तुटतो की टिकतो हे ठरतं.

उभ्या बल्लीच्या माथ्याला दोन तणावे. एकात ६०० न्यूटन ताण, दुसऱ्यात ८००. वरून बघितलं तर दोघांमध्ये ७५°. दोन्ही तणावे आडवे, म्हणजे जमिनीला समांतर असतील तर:

३६०००० + ६४०००० + २×६००×८००×०.२५८८ = १२४८४६६, मूळ सुमारे १११७ न्यूटन.

९.८१ ने भागलं की ११४ किलोचं ओझं. तिसरा आडवा तणावा याच्या बरोबर उलट दिशेला हवा आणि त्यात तेवढाच ताण येईल. ६०० + ८०० = १४०० धरून जाड दोर आणला तर थोडा जास्त खर्च, एवढंच. उलट "साधारण काटकोनच आहे" म्हणून १००० धरला तर दोर १० टक्क्यांहून जास्त कमी पडला.

पण तणावे आडवे कधीच नसतात, खुंटीकडे उतरतात. समजा दोन्ही जमिनीशी ४५° करतात. आता दोरा-दोरातला कोन ७५° राहत नाही. जमिनीवर खुंट्यांच्या दिशांत ७५° आहेत, दोरांमध्ये नाहीत. दोरांमधला कोन डॉटनेच निघतो: आडव्या घटकांचा डॉट अधिक उभ्या घटकांचा गुणाकार.

कॉस = कॉस ४५° × कॉस ४५° × कॉस ७५° + साइन ४५° × साइन ४५° = ०.१२९४ + ०.५ = ०.६२९४

म्हणजे कोन फक्त ५१°. बल्लीच्या माथ्यावरची एकूण ओढ:

१०००००० + ९६००००×०.६२९४ = १६०४२२४, मूळ सुमारे १२६७ न्यूटन.

घटकांनी पडताळा: आडवी ओढ १११७ × ०.७०७१ = ७९०, खालची ओढ १४०० × ०.७०७१ = ९९०. √(७९०² + ९९०²) = १२६७ च्या आसपास. बरोबर. यातले ९९० न्यूटन बल्लीला खाली दाबतात, आणि तिसऱ्या तणाव्याचा खालचा दाब त्यात मिळतो तो वेगळा. तळाची माती मऊ असेल तर बल्ली रुतते आणि सगळे तणावे सैल पडतात. पावसानंतर मंडप कलतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, दोर बिचारा बदनाम होतो.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करणार असाल तर आधी डिग्री की रेडियन ते बघा. रेडियनवर कॉस ७५ = ०.९२ येतो आणि आडव्या तणाव्यांची ओढ १३७० च्या पुढे जाते. आकडा अशक्य दिसत नाही, म्हणून ही चूक पकडली जात नाही. पटकन खात्री करायची तर कॉस ६० दाबून ०.५ येतंय का ते पाहायचं.

---

विजयनगर_पायथन

कोणी हे प्रोग्राममध्ये घालणार असेल तर त्यांच्यासाठी. कागदावर बिनचूक असलेलं सूत्र संगणकावर दोन ठिकाणी दगा देतं.

एक: दोन जवळजवळ सारखे सदिश वजा करताना. |अ| = |ब| = १ आणि कोन १०⁻⁸ रेडियन घ्या. खरं उत्तर १०⁻⁸. पण कॉसची किंमत १ पेक्षा फक्त ५×१०⁻¹⁷ ने कमी आहे, आणि नेहमीच्या ६४ बिटांच्या दशांशात १ च्या खालची सगळ्यात जवळची संख्या सुमारे १.१×१०⁻¹⁶ अंतरावर असते. त्यामुळे कॉस बरोब्बर १ होतो, १ + १ − २ = ० आणि उत्तर शून्य. त्याऐवजी असं लिहा:

|अ − ब|² = (|अ| − |ब|)² + ४|अ||ब| साइन²(कोन/२)

गणिताने हे तेच सूत्र आहे, फक्त २(१ − कॉस) च्या जागी ४ साइन² अर्धकोन. इथे १ मधून जवळजवळ १ असलेला कॉस वजा होत नाही, म्हणून अचूकता टिकते. घटक हाताशी असतील तर हेही नको: आधी घटक वजा करा, मग वर्ग करा. क्रम उलटा करून |अ|² + |ब|² − २ अ·ब केलंत की तीच गळती. पायथनमध्ये मॅथ मॉड्यूलचं हायपॉट फंक्शन ३.८ पासून दोनपेक्षा जास्त घटक घेतं. वर्ग करताना आकडा फार मोठा झाल्याने होणारा घोटाळाही ते टाळतं.

दोन: डॉटवरून कोन काढताना. एकाच दिशेच्या सदिशांसाठी भागाकार १.०००००००००००००००२ असा निघू शकतो. व्यस्त कॉसला तो दिला की पायथन त्रुटी देऊन थांबतं आणि नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) "नॅन", म्हणजे "संख्या नाही", टाकून पुढे जातं, जे जास्त वाईट, कारण चूक बऱ्याच पुढे उघडी पडते. भागाकार आधी −१ ते १ मध्ये दाबून घ्या. तसंच वर्गमुळाखाली −१०⁻¹⁷ सारखी क्षुल्लक ऋण संख्या आली तर शून्य धरा. मात्र −०.५ आली तर शून्य धरू नका, ती गोलाईची चूक नाही, दिलेली माहितीच खोटी आहे.

---

रामबाग_गणित

शेवटचं वाक्य थेट शंका (ख) चं उत्तर आहे, म्हणून तिथूनच.

वाटेल ते कोन देता येत नाहीत. तीन सदिश असतील तर कुठल्याही दोन कोनांची बेरीज तिसऱ्याहून कमी नको आणि तिन्हींची बेरीज ३६०° हून जास्त नको. तीन एकक सदिश, तिन्ही जोड्यांत १२०°: बेरीज बरोबर ३६०°, म्हणजे ते एका प्रतलात सपाट पसरले. |अ + ब + क|² = ३ + ६×(−१/२) = ०. आता १२०° ऐवजी १३०° घे. ३ + ६×(−०.६४२८) = −०.८६. परिमाणाचा वर्ग ऋण! असे तीन सदिश नसतातच.

पण सावध राहा. याच अशक्य १३०° वर |अ + ब − क|² काढलंस तर ३ + २×०.६४२८ = ४.२९ येतं आणि सगळं ठीकठाक दिसतं. म्हणजे उत्तर धन आलं म्हणून माहिती खरी ठरत नाही. पक्की तपासणी वरच्या चौकटीतच आहे, तिचा निश्चयक (डिटर्मिनंट) ऋण नको. एकक सदिशांसाठी तो

१ + २ × (तिन्ही कॉसचा गुणाकार) − (तिन्ही कॉसच्या वर्गांची बेरीज)

तिन्ही ६०°: १ + ०.२५ − ०.७५ = ०.५, चालतं. तिन्ही १३०°: १ − ०.५३ − १.२४ = −०.७७, बाद. शून्य आला तर तिघं एका प्रतलात. परीक्षेत हे तपासायला कोणी सांगत नाही, पण स्वतः गणितं तयार करणाऱ्यांनी जरूर तपासावं. अशक्य माहितीची गणितं सरावपत्रिकांत दिसतात आणि मुलं आपलंच चुकलं समजून रात्र घालवतात.

(क) साठी कोन लागतच नाही. अ + ब आणि अ − ब दोन्हींचे वर्ग लिही आणि बेरीज कर, मधलं पद उडतं:

|अ + ब|² + |अ − ब|² = २(|अ|² + |ब|²)

६४ + |अ − ब|² = २(२५ + ४९) = १४८, म्हणून |अ − ब| = √८४ = २√२१, साधारण ९.१७. कोन हवाच असेल तर वजाबाकी कर: |अ + ब|² − |अ − ब|² = ४(अ·ब), ६४ − ८४ = −२०, अ·ब = −५, कॉस = −१/७, कोन सुमारे ९८.२°. कोन विशाल आहे आणि वजाबाकी बेरजेपेक्षा लांब आली, म्हणजे चिन्ह बरोबर.

(ग) मध्येही आधी वर्ग:

|अ + तब|² = १६ + २त(−६) + ९त² = ९त² − १२त + १६

वर्ग पूर्ण कर: (३त − २)² + १२. कंस शून्य झाला की किंमत सर्वांत लहान, म्हणजे त = २/३ आणि परिमाण √१२ = २√३. उत्तर १२ लिहून मोकळं होऊ नकोस, तो वर्ग आहे. त = २/३ ठेवून अ + तब चा ब शी डॉट घे: −६ + (२/३)×९ = ०. म्हणजे सर्वांत आखूड असताना तो ब ला लंब असतो, आणि लांबी |अ| साइन १२०° = ४ × √३/२ = २√३.

---

लोकमान्यनगर_बारावी

(ग) मध्ये त फक्त पूर्णांक असेल असं दिलं तर? मग २/३ घेता येणार नाही.

---

स्नेहलतागंज_ट्यूशन

मग २/३ च्या दोन्ही बाजूंचे पूर्णांक तपास. त = ०: १६. त = १: ९ − १२ + १६ = १३. लहान √१३. पॅराबोला २/३ भोवती दोन्हीकडे सारखा असल्यामुळे जवळचा पूर्णांकच जिंकतो, १ हा ०.३३ वर आहे आणि ० हा ०.६७ वर. त = ०.५ सारखा मध्यबिंदू आला असता तर दोन्ही पूर्णांक सारखंच उत्तर देतात, तेव्हा दोन्ही किमती लिहायच्या.